खुलं पत्र : एकाच सीडीत ४, २ आणि ३

प्रति,
मेंदूतल्या रक्तस्रावाचे स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट, त्या रिपोर्टवरून फोनवर निर्णय घेणारे न्यूरोसर्जन आणि फिजिशियन, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणं ज्यांच्या कामात येतं ते आरोग्य खात्यातले अधिकारी

नमस्कार.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. डॉक्टर वगैरे नाही, बारावीला बायोलॉजी होतं तेवढंच. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला, स्कॅनची सीडी एकच, पण त्या रक्तस्रावाला तीन ठिकाणी तीन वेगळे ग्रेड, म्हणजे आकडे, मिळाले. हेच सगळं मी आधी साध्या अर्जात लिहून पाठवलं होतं. चार महिन्यांनी उत्तर आलं, साडेतीन ओळींचं, मतलब एवढाच की ग्रेडमधला फरक ही वैद्यकीय मतभिन्नता आहे, सबब अर्ज निकाली. कुठल्या कार्यालयातून आलं ते लिहीत नाही, कारण मला एका माणसाची किंवा एका हॉस्पिटलची तक्रार करायचीच नाहीये. पण मतभिन्नता आहे हे तर मीच अर्जात लिहिलं होतं! माझा प्रश्न होता की ती किती आहे हे आपल्याकडे कोणी मोजतं का. त्याचं उत्तर साडेतीन ओळींत कुठेच नव्हतं म्हणून आता सगळ्यांच्या समोर विचारतोय.

आधी काय झालं ते सांगतो.

गेल्या वर्षी एप्रिल, सीझन अगदी भरात, संध्याकाळी साडेपाचला आई मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पेट्या भरत बसली होती. वय ६१. वाशीचा ट्रक सातला सुटतो त्यामुळे सगळ्यांचीच घाई चालू होती. पेंढा सारखा करता करता आई थांबली, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाली, "डोक्यात कायतरी फुटला रे." मग उलटी. आम्हाला वाटलं ऊन लागलं, पित्त झालं, कोकम सरबत दिलं, ओटीवर झोपवलं, अर्धा तास त्यात घालवला. तो अर्धा तास आमच्या खात्यावर, तुमच्या नाही. नंतर मान ताठ वाटायला लागली, उजेड सहन होईना, तेव्हा गाडी काढली.

सीटी झाला पावणेनऊला. त्या सेंटरवर रात्री रेडिओलॉजिस्ट नसतो, चित्रं नेटवरून कुठेतरी जातात आणि रिपोर्ट मोबाईलवर येतो. साडेअकराला आला. मुख्य ओळ होती "सबअरॅक्नॉइड हॅमरेज, ग्रेड ४", म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्तस्राव, डॉक्टर त्याला थोडक्यात एसएएच म्हणतात. बास. कसला ग्रेड, कोणाचा, काही नाही.

ड्युटीवरचा डॉक्टर तरुण, मुलगा चांगला होता, त्याने लगेच घाटावरच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. मी बाजूलाच उभा. तो म्हणाला, "ग्रेड फोर एसएएच आहे सर." पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवून त्याने सांगितलं की तिकडे आयसीयूत एकच बेड आहे आणि ग्रेड चारच्या पेशंटला रात्रीचं घाटातून हलवण्यात अर्थ नाही म्हणतायत, सकाळपर्यंत टिकल्या तर बघू.

टिकल्या तर. आणि तिकडे कॉटवर आई डोळ्यांवर पदर घेऊन पडल्या पडल्या विचारतेय, "झिला, ट्रक गेलो काय?"

मी घरी फोन केला. काकांनी फोनवर विचारलं, "कितीतले चार? म्हणजे बरा की वायट?" त्यांना वाटलं मार्क आहेत. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आज वाटतं की त्या रात्री सगळ्यात बरोबर प्रश्न त्यांनीच विचारला होता. किती पैकी, आणि वर जाणं चांगलं की वाईट, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि खरं म्हणजे फोनच्या दोन टोकांवरचे डॉक्टर तरी एकाच चारबद्दल बोलत होते का, तर नव्हते, पण ते मला फार नंतर कळलं. मुंबईचा भाऊ रात्रीच निघाला, शेवटचं बघायला मिळावं म्हणून.

सकाळी साडेसातला ॲम्ब्युलन्स सुटली, फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे. दाजीपूरच्या पुढे रस्त्यात गवे उभे होते, तिथे दहा मिनिटं गेली, म्हणजे रात्रीच्या घाटाबद्दल ते जे म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं हे पण कबूल करतो. अकराच्या आसपास पोचलो. तिथल्या न्यूरोसर्जननी आधी आईला नाव विचारलं, हात वर करायला लावले, गाव कुठलं विचारलं, मग स्कॅनची सीडी कॉम्प्युटरवर लावली आणि कपाळाला आठ्या. "ग्रेड चार कोणी सांगितलं तुम्हाला? या हंट-हेस दोन आहेत. स्कॅनपण मॉडिफाइड फिशर दोन."

रात्री फोनवर होते ते वेगळे डॉक्टर. त्यांनी ऐकलेला चार वेगळा, रिपोर्टमधे लिहिलेला चार वेगळा.

अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या तपासणीत, फुटलेला फुगा सापडला, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या अँटिरिअर कम्युनिकेटिंग आर्टरी या रक्तवाहिनीवर, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून त्याला क्लिप लावली. मग २१ दिवस निमोडिपिन (अशा रक्तस्रावानंतर मेंदू जपायला देतात ती गोळी), दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, माझ्या मोबाईलला अजून रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा अलार्म आहे, काढवत नाही. डिस्चार्ज मिळाला तेव्हा कार्डावर तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं होतं, "मॉडिफाइड फिशर ग्रेड ३".

एक सीडी. चार, दोन, तीन.

यातलं चूक कोण? मला वाटलं होतं दोघं तरी चुकलेत. मग माझी भाची, जी स्टॅटिस्टिक्समधे एम.एस्सी. आहे आणि जिला अशा गोष्टींचा नाद आहे, ती आणि मी पडवीत बसून जे मिळेल ते वाचत गेलो, डिस्चार्जच्या वेळी ओळख झालेल्या एका रेसिडेंट डॉक्टरला फोन करून छळलं (त्याचे उपकार), आणि जे कळलं ते असं.

फिशर स्केल १९८० चं. मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ पेशंटांचे स्कॅन बघून केलेलं. मेंदूच्या पृष्ठभागावर रक्त दिसत नाही तो १, पातळ पसरलेलं तो २, एक मिलिमीटर किंवा जास्त जाडीचा थर नाहीतर गुठळी असेल तो ३, आणि मेंदूच्या आत किंवा आतल्या पोकळ्यांमधे, व्हेंट्रिकलमधे, रक्त असेल तर ४, मग बाहेरचं रक्त पातळ असो की नसो. हे स्केल मुळात रक्तवाहिन्या आकसण्याचा, म्हणजे व्हॅसोस्पाझमचा धोका सांगायला केलेलं. आणि गंमत बघा, त्यात सगळ्यात जास्त धोका ३ ला, ४ ला नाही. म्हणजे आकडे चढत गेले तरी धोका तसा चढत जात नाही. हे नीट करायला पुढे मॉडिफाइड फिशर आलं, २००६ मधे त्याचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात पातळ रक्त आणि व्हेंट्रिकलमधे पण रक्त असेल तर २. जाड आणि व्हेंट्रिकल कोरडं असेल तर ३. जाड आणि व्हेंट्रिकलमधेही असेल तर ४.

आता आईचं घ्या. पातळ थर, आणि व्हेंट्रिकलच्या मागच्या शिंगात तळाला थोडंसं रक्त. जुन्या फिशरने ४. नव्याने २. दोघंही बरोबर! रात्रीच्या रेडिओलॉजिस्टने काही चुकीचं वाचलं नव्हतं आणि घाटावरच्या सर्जननीपण नाही. फक्त एकाने आकड्याच्या मागे स्केलचं नाव लिहायचा आळस केला.

आणि रात्री फोनवर ज्यांनी "ग्रेड फोर" ऐकलं ते तिसऱ्याच स्केलमधे होते. हंट आणि हेसचं, १९६८ चं, त्यात स्कॅन बघतच नाहीत, पेशंटची अवस्था बघतात. त्यात १ आणि २ म्हणजे डोकं दुखतंय, मान आखडली पण शुद्धीवर, आणि ४ म्हणजे जवळजवळ बेशुद्ध, एक बाजू लुळी. जागतिक न्यूरोसर्जन संघटनेचं १९८८ चं स्केल पण अवस्थेवरूनच चालतं, त्यातला ४ पण वाईटच. म्हणजे "ग्रेड फोर एसएएच" ऐकून पलीकडच्याने मनात बेशुद्ध बाई बघितली आणि इकडची बाई ट्रकची चौकशी करत होती. निर्णय त्याने त्याच्या मनातल्या बाईवर दिला.

म्हणून माझं पहिलं गाऱ्हाणं हेच, आणि हेच सगळ्यात मोठं. उघडा आकडा. आमच्याकडे पेटीवर नुसतं "पाच" लिहून वाशीला पाठवा बघू, दलाल विचारेल पाच काय, पाच डझनी की पाच किलो? पाच डझनी म्हटलं की फळ केवढं ते त्याला कळतं, चार डझनी म्हटलं की त्याहून मोठं, म्हणजे आमच्यातही आकडा लहान तेवढं फळ मोठं, नवख्याला उलटंच वाटतं, म्हणून कोणी नुसता आकडा लिहीत नाही. दोन-तीन हजारांच्या पेटीला जो शिस्तीचा शब्द लागतो तो माझ्या आईच्या रिपोर्टवर नव्हता.

दुसरं गाऱ्हाणं त्या ३ बद्दल. तो मात्र खरा फरक आहे, नावाचा गोंधळ नाही. रेसिडेंटने समजावलं की ३ लिहिणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या बघितल्या असणार, मेंदूच्या दोन भागांच्या मधल्या फटीतला थर त्याला जाड वाटला आणि व्हेंट्रिकलमधलं तळाचं रक्त त्याने धरलं नाही किंवा दिसलं नाही. पातळ की जाड, हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर. रक्त आहे की नाही यावर डॉक्टरांचं सहसा जमतं. किती आहे आणि कुठल्या खणात टाकायचं इथे फाटे फुटतात, आणि नुसतं दोघांत नाही, त्याच डॉक्टरला तोच स्कॅन महिन्याभराने नाव झाकून परत दाखवला तरी उत्तर बदलू शकतं. यात बेइमानी काही नाही, माणसाचा डोळा आहे. मी स्वतः सकाळी जो आंबा एक नंबरात टाकतो तोच दुपारी दमल्यावर दोन नंबरात टाकतो.

पण हे मोजता येतं ना! १९६० मधे कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कप्पा म्हणून एक माप काढलं, ते आता सगळीकडे वापरतात. भाचीने मला ते साक्यावरून शिकवलं, तसंच सांगतो. हापूसमधला साका, म्हणजे आतला गर खराब होतो तो, बाहेरून दिसत नाही. समजा १०० आंबे आहेत, मी न कापता ९० चांगले नि १० साक्याचे म्हणालो, चुलतभावाने पण वेगळं बसून ९० आणि १० केले. आमचं ८८ आंब्यांवर जमलं. ऐकायला झकास, ८८ टक्के एकमत. पण आम्ही दोघांनी डोळे मिटून जरी ९०-१० च्या हिशेबाने बोट दाखवलं असतं तरी नुसत्या योगायोगाने ८२ वर जमलंच असतं, कारण ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ८१ आणि ०.१ गुणिले ०.१ चा १. म्हणजे योगायोगाच्या वर उरलेल्या १८ पैकी आम्ही कमावले ६. कप्पा ०.३३. लँडिस आणि कोख यांनी १९७७ मधे जे पट्टे पाडून दिले त्यात ०.२१ ते ०.४० म्हणजे बेताचं, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ च्या वर चांगलं, ०.८१ च्या वर जवळजवळ पूर्ण. ८८ टक्के ऐकून छाती फुगते आणि ०.३३ ऐकून खाली बसते, माल तोच.

आणि २ ला ३ म्हणणं आणि १ ला ४ म्हणणं यात फरक आहेच, त्यासाठी १९६८ मधे कोहेननेच वजनदार कप्पा काढला, मोठ्या चुकीला मोठा दंड. म्हणजे साधन तयार आहे, ५० वर्षांहून जुनं आहे, फुकट आहे. जुन्या फिशरचं एकमत तपासलं तेव्हा ते मध्यमच निघालेलं आहे, हे तुमच्याच लोकांनी तुमच्याच मासिकांत छापलंय. मी विचारतोय ते एवढंच की आमच्या जिल्ह्यात, आमचे स्कॅन जे वाचतात त्यांचा आकडा काय? अर्जात हेच विचारलं होतं. मतभिन्नता हे त्याचं उत्तर कसं होईल, मी तापमान विचारलं आणि तुम्ही सांगितलं ताप आहे.

तिसरी गोष्ट, मेंदूच्या आतला रक्तस्राव, बीपीमुळे होतो तो. तो आमच्याकडे जास्त ऐकू येतो, वाडीत एकतरी घर असतंच. तिथे २००१ चा आयसीएच स्कोअर वापरतात, ० ते ६. शुद्धीची पातळी, वय ८० किंवा जास्त आहे का, व्हेंट्रिकलमधे रक्त आहे का, जागा खालच्या मेंदूत आहे का, आणि गुठळी ३० मिलिलिटर किंवा जास्त आहे का. शेवटचं कसं मोजतात? सगळ्यात मोठी लांबी, तिला काटकोनात रुंदी, आणि उंची, तिन्हींचा गुणाकार, भागिले दोन. १९९६ पासून ही पद्धत रूढ आहे, झटपट होते, कोणालाही जमते. आता ५ सेंटिमीटर गुणिले ४ गुणिले ३, भागिले दोन, बरोबर ३०. एक पॉइंट. दुसऱ्या डॉक्टरने माऊस जरा आत टेकवला, ४.८ आणि ३.८ धरले, तर येतात २७.४. पॉइंट नाही. दोन-दोन मिलिमीटरचा खेळ. ज्या १५२ पेशंटांवर हा स्कोअर बेतला त्यांच्यात स्कोअर २ असलेल्यांपैकी २६ टक्के ३० दिवसांत गेले, आणि ३ असलेल्यांपैकी ७२ टक्के. म्हणजे माऊस कुठे टेकला यावर घरच्यांना सांगितलं जाणारं वाक्य २६ चं होणार की ७२ चं हे ठरतं. त्यात उंची काढायची मूळ रीत अशी की ज्या कापात रक्त सगळ्यात मोठ्या कापाच्या पाऊण पटीहून जास्त तो अख्खा मोजायचा, पाव ते पाऊण असेल तर अर्धा, पावापेक्षा कमी सोडून द्यायचा. घाईत सगळे अख्खेच मोजले की गुठळी मोठी निघते. आणि गुठळी वेडीवाकडी असली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांची असते तशी, तर हे सूत्रच घसरतं, कारण ते अंड्याच्या आकारासाठी आहे.

यातली भीती वेगळी आहे. स्कोअर वाईट आला की घरचे खचतात, डॉक्टर हात आखडता घेतात, पेशंट जातो, आणि मग सगळे म्हणतात बघा स्कोअर बरोबर होता. अमेरिकन हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठीच लिहिलंय की निदान दुसरा पूर्ण दिवस येईपर्यंत नवीन डीएनआर (हृदय थांबलं तर परत चालू करायचा प्रयत्न करू नका असा आदेश) टाळावा आणि नुसत्या स्कोअरवर उपचार आखडू नयेत. आमच्यात साडेअकराला रिपोर्ट आला आणि पावणेबाराला "टिकल्या तर".

कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तस्रावाचंही तेच, तिथे पापिले नावाच्या डॉक्टरांचे १९७८ चे चार ग्रेड. २ आणि ३ मधला फरक म्हणजे व्हेंट्रिकल फुगलंय की नाही, आणि फुगलंय म्हणजे किती फुगलं की फुगलं म्हणायचं यावर दोन सोनोग्राफीवाल्यांचं जमेलच असं नाही. त्या आईबापांना काय वाटत असेल याचा विचार मी करत नाही, झोप उडते.

चौथं, फोटो. आमच्या कोकणात हे सर्रास चालतं, फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, मोबाईलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर सर्जनला. मशीन प्रत्येक ठिपक्याला आकडा देतं, पाणी ०, ताजं रक्त साधारण ५० ते ८०, साठलेलं कॅल्शियम १०० च्या वर. तो सगळा मोजलेला माल आपण खिडकीतल्या झगमगाटात फुकट घालवतो आणि मग पातळ की जाड यावर वाद घालतो. सीडीत पण पुष्कळदा पाच मिलिमीटरचे जाड काप टाकतात, बारीक काप मशीनमधेच राहतात आणि काही दिवसांनी पुसले जातात. एक मिलिमीटरचा थर आहे का हे पाच मिलिमीटरच्या कापावर कसं ठरवणार, मला कोणीतरी सांगा.

आणि वेळ. त्रास सुरू झाल्यापासून किती तासांनी स्कॅन झाला हे रिपोर्टवर लिहीत नाहीत. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवरचा स्कॅन जाणत्याने वाचला तर हा रक्तस्राव जवळपास चुकत नाही, पण दिवस गेले की रक्त विरत जातं आणि पांढरेपणा उतरतो, मग तोच पेशंट कमी ग्रेडचा दिसतो. शहरात दोन तासांत स्कॅन होतो. आमच्याकडे एखादी म्हातारी दोन दिवस डोकं बांधून बसते, मग मुलगा मुंबईहून येतो, मग गाडी. हिमोग्लोबिन कमी असेल तरी रक्त फिकं दिसतं, आणि आमच्या बायकांचं हिमोग्लोबिन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मला माहीत आहे तुमची बाजू. रेडिओलॉजिस्ट कमी, रात्री एकाच माणसासमोर कितीतरी सेंटरचे स्कॅन येऊन पडतात, त्यात पोटं, छात्या, फ्रॅक्चर सगळं. त्यातून त्याने आईचं रक्त तीन तासांत पकडलं याबद्दल मी त्याचा आभारी आहे, खरंच. आणि फोनवरच्या डॉक्टरकडेही एकच बेड होता, त्याला कोणालातरी नाही म्हणायचंच होतं. पण नाही म्हणायला त्याने जो आकडा वापरला तो त्या कामाचा नव्हताच. फुगा परत फुटायचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त, त्यातले साधारण आठ तास आम्ही बाकड्यावर बसून काढले. परत फुटला नाही, हे नशीब.

आई आज बरी आहे. चालते, बोलते, हिशेब चोख. फक्त वास गेला. त्या जागेच्या ऑपरेशननंतर काही जणांचं असं होतं असं सर्जननी आधीच सांगितलं होतं, त्या आठ तासांमुळे झालं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. या सीझनला तिने आढीतला आंबा नाकाला लावला, आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. आता तयार आंबा आम्ही सांगतो, ती फक्त बोटाने दाबून बघते.

तर मागण्या. एकही मोठी नाही, नवीन मशीन मागत नाही, इमारत मागत नाही.

आकडा लिहायचा तर स्केलचं पूर्ण नाव पुढे लिहा, जुना फिशर की मॉडिफाइड, आणि फोनवर बोलताना पण तसंच बोला. पेशंटच्या अवस्थेचा ग्रेड आणि स्कॅनचा ग्रेड दोन वेगळ्या ओळींत. आणि आकडा लिहिला नाही तरी चालेल पण शब्दात लिहाच, थर कुठे, जाड की पातळ, व्हेंट्रिकलमधे आहे की नाही, कुठल्या बाजूला, गुठळी असेल तर तिन्ही मापं आणि काप किती जाडीचे. मग पुढचा माणूस स्वतः हिशेब करू शकेल, तुमच्याशी असहमत पण होऊ शकेल. त्रास सुरू झाल्याची वेळ, स्कॅनची वेळ आणि हिमोग्लोबिन रिपोर्टच्या डोक्यावर.

बारीक काप सीडीत द्या, निदान मेंदूत रक्त सापडलं तर तरी. खिडकीतले फोटो बंद करा, नेटवरून चित्रं रिपोर्टवाल्याकडे जातात तर सर्जनकडे का नाही जाऊ शकत?

मेंदूतल्या रक्तस्रावाचा प्रत्येक स्कॅन दुसऱ्या डॉक्टरने पहिल्याचं न बघता वाचावा, रात्री नाही जमलं तर सकाळी. जमलं नाही तर दोन्ही मतं लिहून ठेवा, खोडू नका. तिसऱ्याने ठरवावं. हल्ली गुठळीचं घनफळ मोजणारी सॉफ्टवेअर आलीत, ती वापरायला माझी ना नाही, पण त्यांचंही मत वेगळ्या ओळीत असावं, डॉक्टरच्या नावाखाली नको.

वर्षातून एकदा प्रत्येक सेंटरने आणि प्रत्येक रिपोर्टवाल्या कंपनीने जुने ५० स्कॅन नावं झाकून दोघांकडून परत वाचून घ्यावेत आणि कप्पा, वजनदार कप्पा, जो निघेल तो बाहेर बोर्डावर लावावा. सोनोग्राफी सेंटरच्या बाहेर गर्भलिंग तपासणी होत नाही हा बोर्ड लागतोच ना, त्याच्या शेजारी. ०.४५ निघाला तर ०.४५ लावा, आम्ही दगड मारायला येणार नाही. पुढच्या वर्षी ०.५५ झाला का ते बघायला मात्र येऊ.

घरच्यांना उघडा आकडा सांगू नका. सांगायचाच तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन सांगा, कितीपैकी, आणि बरा की वायट. आणि पहिल्या रात्री स्कोअरच्या जोरावर "टिकल्या तर" नको.

खात्याला वेगळी विनंती, अर्ज परत उघडा. मला नुकसानभरपाई नको, कोणावर कारवाई नको. वरच्यापैकी काय होऊ शकतं आणि काय नाही, आणि नाही तर का, हे महिन्याभरात लेखी द्या. साडेतीन ओळींपेक्षा थोडं जास्त.

आईची सीडी माझ्याकडे आहे, तिला विचारून लिहितोय. नाव, वय, सेंटर सगळं भाचीने काढून टाकलंय. ज्या डॉक्टरांना वाटतं की आमच्यात एवढा फरक पडत नाही त्यांच्यापैकी तिघांनी मागून घ्या, एकमेकांना न विचारता वाचा आणि आपापला आकडा स्केलच्या नावासकट बंद पाकिटात पाठवा. पाकिटं आम्ही मांगरात उघडू, आईच्या समोर.

आपला,
एक बागायतदार
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग